बर्फासुराच्या सतरा चुका

त्या सिनेमातली पहिली चूक दहाव्या मिनिटाला होते. शास्त्रज्ञांना बर्फात गाडला गेलेला परग्रहावरचा एक प्राणी सापडतो. बर्फाच्या लादीसकट त्याला एका वीस फुटी रीफर कंटेनरमध्ये भरतात, कंटेनर ट्रकवर चढवतात आणि निघतात. ट्रकवर जनरेटर नाही. मशीनची केबल गुंडाळून हुकाला टांगलेली आहे, आणि ट्रक चाललाय तीन दिवस वाळवंटातून. पनवेलच्या थेटरात बाल्कनीत ओळीने बसलेले आम्ही सहा जण एकदमच म्हणालो, "अरे, प्लग?" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून आमच्याकडे पाहिलं. बाकीच्या पब्लिकला तो प्राणी आता कधी जागा होतो याची धास्ती होती. आम्हाला तो अजून झोपलाय कसा याचं नवल.

आमचा धंदाच तो. न्हावा शेवा बंदराच्या बाहेर, उरणच्या रस्त्याला एका खाजगी यार्डात मी रीफर मेकॅनिक होतो. तीस वर्षं त्यातच काढली, पण सांगण्यासारखं जे आहे ते बहुतेक त्या पहिल्या सात-आठ वर्षांतलं, म्हणजे नव्वदच्या दशकातलं. रीफर म्हणजे काय, हे आमच्या साताऱ्याकडच्या पाहुण्यांना मी असं सांगायचो: घरातला फ्रीज आडवा पाडा, दोन खोल्यांएवढा मोठा करा, आत कोळंबी नाहीतर द्राक्षं भरा आणि जहाजावर चढवा. जाड भिंती, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला यंत्र. जहाजावर असताना जहाजाची वीज, यार्डात यार्डाची, रस्त्यावर जनरेटरची. वीज लावायची, वीज काढायची, मधल्या काळात यंत्र चालू आहे की नाही बघत फिरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण यंत्राचं एक तत्त्व लोकांच्या गळी उतरता उतरत नसे. ते माल गार ठेवतं, गार करत नाही. कोमट कोळंबी आत कोंबून "युरोपला जाईपर्यंत गोठेल की" म्हणणारे व्यापारी मी डझनाने पाहिले.

आणि उलट टोकाचेही पाहिले. तासगावकडचे एक द्राक्षवाले होते, आम्ही त्यांना नुसतं आप्पा म्हणायचो. धोतर, कोट, हातात छत्री. माल आमच्याकडे प्लगवर असेपर्यंत ते पनवेलच्या लॉजवर मुक्काम टाकायचे आणि रोज सकाळी येऊन कंटेनरला कान लावून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "आप्पा, काय ऐकू येतंय?" तर म्हणाले, "झोपल्यात." द्राक्षं झोपल्यात. मी हसलो नाही. कारण मीही मशीनचा आवाज तसाच ऐकायचो.

आतलं तापमान कळायचं ते चार्टवरून. यंत्राच्या छातीवर, काचेच्या आड, घड्याळाच्या तबकडीएवढा एक गोल कागद असायचा. तो महिन्याभरात एक फेरा घ्यायचा आणि एक पेन त्यावर आतल्या तापमानाची रेघ ओढत राहायचं. प्लग दोन तास निघाला, तर रेघ वर उसळायची. मग ड्रायव्हरने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नाही. हे चार्ट वाचण्यात आमच्या यार्डात एकच माणूस पहिल्या नंबरचा, हरिश्चंद्र ठाकूर. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून हरीदादा. जवळच्याच गावचा आगरी. पहिल्या दिवशी मला प्लगच्या रांगा दाखवताना पायाने जमीन ठोकून म्हणाला होता, "हितं खाली आमचा मिठागर हाय. माजा बाप हितं मीठ पिकवायचा. आता मी बरफ राखतंय."

तर या हरीदादानेच तो सिनेमा शोधून काढला होता. इंग्रजी सिनेमा, हिंदीत बोलणारा. पोस्टरवर कंटेनरचं दार फोडून बाहेर आलेला पंजा. नाव काहीतरी लांबलचक होतं, आम्ही त्याला बर्फासुर म्हणायचो. "आपल्या लायनीतला पिच्चर हाय," असं म्हणून त्याने सुट्टीच्या दिवशी आम्हाला नेलं.

परत येताना सहा आसनी रिक्षात जे भांडण सुरू झालं ते महिनाभर चाललं. माझं म्हणणं, या सिनेमात एकही माणूस शुद्धीवर नाही. कंटेनरची दारं बाहेर उघडतात, सिनेमात आत उघडतात. वीस फुटी डब्यातून चाळीस फुटी जनावर निघतं. तापमान वाढल्याचा भोंगा जिथे वाजतो त्या खोलीत कुणी बसतच नाही. शेवटी हिरो त्या प्राण्याला मारायला कुठून तरी गोठवणाऱ्या वायूचा टँकर पैदा करतो. त्यापेक्षा सुरुवातीला प्लग लावला असता तर सिनेमा अकराव्या मिनिटाला संपला असता.

ऑफिसात एक फळा होता. कुठला कंटेनर कुठल्या प्लगवर, हे त्यावर लिहायचो. त्याच्या उजव्या कोपऱ्यात मी दुसऱ्या दिवशी बर्फासुराच्या चुका लिहायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठ झाल्या. मग बातमी पसरली आणि माणसं यायला लागली. क्रेनवाला आला, म्हणाला, भरलेला कंटेनर एका साखळीने उचललाय, लिहा. कस्टमचं काम करणारा एक एजंट आला, फळा शांतपणे वाचला आणि म्हणाला, "प्राणी परदेशातून आला ना? मग कागद कुठायत? एका दिवसात क्लिअर झाला? आपल्याकडे असता तर पेपरवर सह्या होईपर्यंत म्हातारा होऊन मेला असता." तेही लिहिलं. चौथ्या दिवशी आमचे सुपरवायझर कुलकर्णी साहेब फळ्यापुढे येऊन थांबले. आम्हाला वाटलं, पुसायला लावणार. साहेबांनी खडू घेतला, मी लिहिलेल्या 'शास्त्रज्ञ'मधला 'ज्ञ' दुरुस्त केला, आणि खाली सतरावी चूक लिहिली: 'दारावरच्या सीलचा नंबर कुणीही तपासला नाही.' मग खडू ठेवून निघून गेले.

पण खरा वाद होता तो इंटरव्हलच्या आधीच्या सीनवर. गोदामाचा एक राखणदार आहे. त्याला कंटेनरमधून ठकठक ऐकू येते. तो वायरलेस बाहेर फळकुटावर ठेवतो, कुणालाही सांगत नाही, एकटा दार उघडून आत जातो. दार मागे बंद होतं. संपला. फळ्यावरच्या चार चुका या एका माणसाच्या होत्या. एकटा का गेला, वायरलेस बाहेर का ठेवला, कुणाला सांगितलं का नाही. आणि बारावी मी स्वतः नाव घालून लिहिली होती: 'आतून उघडत नाही हे माहीत असताना दाराला काही न अडकवता कोण आत जाईल? – जाधव.'

हरीदादा एकटा त्या राखणदाराच्या बाजूने. "मानूस हाय तो," म्हणायचा. "मानूस इचार करून जात नाय. जातो नि मंग इचार करतो."

"दादा, तो रोज तेच काम करतो. त्याला दाराची माहिती नाही?"

"म्हनून तर. रोज करतो म्हनून."

"मी नसतो गेलो."

"तू शाना हायस," हरीदादा म्हणाला आणि बिडी पेटवायला गेटबाहेर गेला.

त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी जेवून मी एका रिकाम्या रीफरची चाचणी लावली होती. माल भरायच्या आधी रिकामा डबा चालवून बघतात, नीट थंड होतो की नाही. दार लावायचं, मशीन चालू करायचं, उणे अठरावर ठेवायचं आणि चार्ट बघत राहायचं. डबा आठ अंशांपर्यंत खाली आला होता. तेवढ्यात मला आतून एक खुळखुळ ऐकू आली. पंख्याच्या जाळीचा एखादा स्क्रू सैल असणार. मशीन बंद करून बघायला हवं होतं. पण बंद केलं की चाचणी पहिल्यापासून. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. वायरलेस कमरेला टोचत होता, तो काढून मशीनच्या कडेवर ठेवला. टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेतला, मागे जाऊन दाराची एक फळी उघडली आणि आत शिरलो.

रीफरचं दार बंद होताना आपटत नाही. त्याच्या कडेला रबर असतं, त्यामुळे नुसतं फस्स होतं. मग बाहेरून दांड्या फिरवल्याचे दोन आवाज आले. मी जाळीपाशी होतो. पहिल्यांदा मला राग आला की कोण गाढव दार लावतोय. राग उतरल्यावर लक्षात आलं की त्या काळात आमच्या डब्यांना आतून उघडायची सोयच नव्हती.

ओरडलो. दारावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. पण भिंतीत चार बोटं फोम भरलेला, आणि बाहेर माझंच मशीन घरघरत होतं. आवाज जाणार कुठून? हवेची काळजी नव्हती, एका माणसाला बराच वेळ पुरेल इतकी हवा त्या डब्यात असते. काळजी गारठ्याची होती. अंगात एक टेरिकॉटचा शर्ट. आणि मशीन मीच नीट दुरुस्त केलेलं, त्यामुळे ते बंद पडेल अशी आशा नव्हती.

तिथे अंधारात उभं राहून मला फळा आठवला. नंबरानिशी आठवला. सहा, एकटा का गेला. नऊ, वायरलेस बाहेर का ठेवला. दहा, कुणाला सांगितलं का नाही. आणि बारावी तर माझ्या सहीची. मला हसू यायला लागलं. दात वाजत असताना माणसाला हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मग हसू थांबलं. शैला, म्हणजे माझी बायको, कामोठ्याच्या घरी होती. सकाळी निघताना तिने मेथी आणायला सांगितली होती. मी "बघू" म्हणालो होतो. शेवटचा शब्द 'बघू' असू नये, असं काहीतरी वाटलं.

टॉर्चचा उजेड जाळीवर मारला तेव्हा तिच्यामागे, छताजवळ, ती तांब्याची बारीक नळी दिसली. पेन्सिलीएवढी. चार्टचं पेन हलतं ते हिच्या जोरावर. ही नळी आतली हवा जोखते आणि बाहेर पेन हलतं. म्हणजे आतून बाहेर जाणारी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या हाताच्या अंतरावर होती.

जाळीचे स्क्रू काढले. पंख्याला बोटं लागणार नाहीत एवढं जपत नळी क्लिपमधून सोडवली आणि मुठीत धरली. मनात शंभर मोजले. सोडली. पुन्हा शंभर. पुन्हा धरली. मूठ गार पडली तेव्हा शर्टाची बटणं काढून काखेत धरली. पेन बाहेर खरंच हलतंय का, ते दिसायची सोय नव्हती. अंगभूत हट्टाने करत राहिलो, इतकंच. मधून मधून नाचलो. आमच्या गावच्या जत्रेत गजीनृत्य असतं, त्याची पावलं टाकली. बघायला कोणी नव्हतं.

बाहेर काय झालं ते नंतर हरीदादाने सांगितलं, आणि पुढे वीस वर्षं सांगत राहिला. तो तीन वाजता चार्ट बघत फिरत होता. माझ्या डब्यापाशी आला आणि थांबला. रिकामा डबा, बंद दार, आणि पेन एका जागी वर-खाली, वर-खाली. कागदावर शाईचा जाड पट्टा झालेला. त्याने वायरलेसवर मला हाक मारली, "जाधवा, तुजा पेन बिघडला." तर त्याचाच आवाज त्याच्या नाकासमोरून, मशीनच्या कडेवरून आला. तिथे माझा वायरलेस. मी कुठेच नाही.

त्याने मशीन बंद केलं. शांतता झाली, आणि त्या शांततेत आतून ठकठक ऐकू आली.

क्रेनवाला आणि दोन हमाल जवळच होते. क्रेनवाला म्हणाला, "हरीदादा, थांबा. पिच्चरमध्ये काय झालेलं?" कोणीतरी हसलं. पण पुढे कोणी सरकलं नाही. हरीदादाने एका हातात पान्हा घेतला. "सिनेमात त्यो एकटा गेलता," म्हणाला, "आपन चार जन हाव. चला." आणि दांड्या फिरवल्या.

दार उघडलं आणि उरणचं मे महिन्यातलं ऊन माझ्या अंगावर आलं. त्या उन्हाला मी रोज शिव्या द्यायचो. त्या दिवशी मला वाटलं की कुणीतरी ऊन ऊन पाण्याचा हंडा माझ्यावर ओततंय. शर्टाची बटणं उघडी, हातात टॉर्च, भुवयांवर दव. समोर पान्हा उगारलेला हरीदादा.

"कोन दार लावला?" तो ओरडला. "कोन भो..."

तो मधेच थांबला. त्याचा चेहरा बदलत गेला. मग तो जिथे होता तिथेच तापलेल्या सिमेंटवर खाली बसला. त्यानेच लावलं होतं. जेवून येताना त्याला चाचणीवरच्या डब्याचं दार उघडं दिसलं, मशीन चालू. कुणाचा तरी निष्काळजीपणा म्हणून त्याने, आत न बघता, रोजच्या हाताने बंद केलं होतं.

मी त्याच्या शेजारी बसलो. मला उभं राहता येत नव्हतं, हेही एक कारण. "दादा," मी म्हणालो, "माणूस विचार करून जात नाही."

त्याने माझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि रडायला लागला. मग आम्ही दोघंही हसत होतो की रडत होतो ते बघणाऱ्यांना कळेना. क्रेनवाल्याने चहा आणला. मी लागोपाठ तीन कप प्यालो आणि चौथा नुसता हातात धरून बसलो. घड्याळाच्या हिशेबाने मी आत पंचावन्न मिनिटं होतो. साहेबांच्या थर्मामीटरने आतली हवा उणे नऊ भरली. त्यांनी डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाला, काही नाही, दोन दिवस सर्दी राहील. चार दिवस राहिली.

दुसऱ्या दिवशी कुलकर्णी साहेबांनी चौकशीचा फॉर्म पुढे ठेवला. 'एकट्याने आत जाण्याचे कारण?' मी लिहिलं, 'दोन मिनिटांचे काम होते.' साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "जाधव, हे कारण नाही. ही सवय आहे." पण खोडलं नाही. फॉर्म तसाच गेला.

त्या आठवड्यात आमच्या यार्डात एक नियम झाला, तो हरीदादाचा. डब्यात शिरणाऱ्या माणसाने आपलं स्वतःचं कुलूप दाराच्या कडीत असं घालायचं की दार लागूच शकणार नाही, आणि चावी खिशात. कुणी कितीही घाईत आलं तरी आधी ते कुलूप दिसणार. साहेबांनी सगळ्यांना पितळी कुलपं दिली. पुढे शेजारच्या दोन यार्डांनी आमचं बघून तसंच सुरू केलं. माझ्या नोकरीत मी किती मशीनं दुरुस्त केली ते मला आठवत नाही. पण त्या कुलपामागे आपलाही थोडा हात आहे, याची फुशारकी मी अजून मारतो. काही गोष्टींचं वाईटही वाटतं. हरीदादा त्यानंतर कुठलंही दार लावताना आत वाकून हाक मारायचा, स्वतःच्या घरातल्या न्हाणीघराचंसुद्धा. ती सवय त्याला माझ्यामुळे लागली.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. सर्दी म्हणालो, मेथीही नेली. पण रविवारी हरीदादा बायकोला घेऊन आमच्या घरी हजर, पिशवीत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे. कामोठ्यात तेव्हा इमारती थोड्या आणि मोकळं माळरान जास्त, त्यामुळे पाहुणा लांबूनच दिसायचा. मला गॅलरीतून ते दोघं दिसले तेव्हाच मी ओळखलं की आता लपत नाही. जेवायला बसायच्या आधी त्याने शैलाला सगळं सांगितलं. स्वतःची चूक आधी, माझी नंतर. शैला कणीक मळत होती. ती थांबली नाही, मळत राहिली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर मी बोलणी खायच्या तयारीत बसलो. ती म्हणाली, "अहो, मला तो सिनेमा बघायचाय."

"बकवास आहे. सतरा चुका आहेत."

"असू देत."

सिनेमाचा शेवटचा आठवडा होता. दुपारच्या खेळाला थेटरात जेमतेम पंचवीस माणसं. ट्रक वाळवंटातून निघाला तेव्हा मी प्लगकडे बोट दाखवणार होतो, पण आवरलं. मग तो राखणदार आला. त्याने वायरलेस फळकुटावर ठेवला. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे जा मत, येडा है क्या." लोक हसले. शैलाने माझ्या मनगटाला धरलं. दार बंद झालं, इंटरव्हलचे दिवे लागले, तरी तिने हात सोडला नाही.

"त्याच्या घरी कोण होतं?" तिने विचारलं.

"कुणाच्या?"

"त्या राखणदाराच्या."

मी आठवून बघितलं. "दाखवलं नाही."

"नाव?"

नावही नव्हतं. दोनदा सिनेमा बघितला, महिनाभर त्या माणसावर चर्चा केली, अख्ख्या यार्डाने फळा भरला, पण हे कुणालाच खटकलं नव्हतं. सिनेमातल्या शास्त्रज्ञांनाही नाही. त्यांच्यातलं कुणी नंतर एकदाही विचारत नाही की तो गेला कुठे.

पुढचा सिनेमा शैलाने फारसा बघितला नाही. बाहेर आल्यावर रिक्षात बसताच म्हणाली, "त्याचं नाव सदाशिव ठेवू." खांदेश्वर येईपर्यंत सदाशिवला दोन मुली झाल्या, थोरली दहावीला. बायको शिवणकाम करणारी आणि फार संशयी, नवरा वेळेवर आला नाही की थेट कामावर जाऊन उभी राहणारी. मी म्हटलं, "पण प्राणी आत आहे." तर म्हणाली, प्राणी झोपेतच होता, त्याला कुणी उठवलंच नव्हतं, आणि ठकठक म्हणजे नुसता सैल स्क्रू. कामोठ्याला उतरेपर्यंत सदाशिवची बायको गोदामावर पोचली होती, तिने दार उघडलं होतं, आणि चार लोकांसमोर त्याला अशी काही झापत होती की मी मुकाट्याने भाजीच्या गाडीकडे वळलो.